ई-एमटीबी घेताना मोटरची ताकद आणि वजन कसं ताडून बघायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो म्हणजे वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. वय ४६, वजन ८४ किलो, इंदूरच्या राजेंद्र नगरात तिसऱ्या मजल्यावर घर, लिफ्ट नाही. रविवारी ग्रुपबरोबर सिमरोल, चोरल, तिंछा, पावसाळ्यात जानापाव. साधी एमटीबी म्हणजे डोंगरात, कच्च्या वाटेवर चालवायची सायकल आहे पण परतीच्या घाटात गुडघे बोलायला लागतात म्हणून इलेक्ट्रिक घ्यायचीये. समोर तीन आहेत: एक आपल्याकडे बनलेली, मागच्या चाकात हब मोटर, ४० न्यूटन मीटर (हा मोटरचा पीळ, म्हणजे फिरवायचा जोर), २५ किलो. दुसरी बाहेरची, क्रँकपाशी म्हणजे पायडलच्या दांड्यापाशी मोटर, तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात, ८५ न्यूटन मीटर, बॅटरी ६२५ वॅट-अवर (विजेचा साठा), २४ किलो. तिसरी पण मिड-ड्राइव्हच पण हलकी, ५० न्यूटन मीटर, पीक म्हणजे थोडा वेळ मिळणारी जास्तीत जास्त ताकद ३०० वॅट, बॅटरी ३६०, वजन १८ किलो. तिन्हींवर लिहिलंय २५० वॅट आणि तुम्ही विचारताय की मग फरक कशात आहे, ताकद बघू की वजन.

मी इंदुरात चौदा वर्षं सायकली दुरुस्त करतोय, गेली सहा-सात वर्षं त्यातल्या अर्ध्याअधिक इलेक्ट्रिक असतात, आणि स्वतः ह्याच रस्त्यांवर चालवतो. तेव्हा उत्तर लांब होईल, पण तुम्ही पैसे घालणार आहात तर नीट समजून घाला.

आधी तो २५० चा आकडा. तो कायद्याचा आकडा आहे, ताकदीचा नाही. आपल्या केंद्रीय मोटर वाहन नियमांत असं आहे की मोटर सलग तीस मिनिटं जी ताकद देऊ शकते ती २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर ते मोटर वाहन धरलं जात नाही, म्हणजे नंबर प्लेट नको, लायसन्स नको. युरोपातही २५० वॅट आणि २५ किलोमीटरचीच रेघ आहे. म्हणून सगळे कारखानदार २५० च लिहितात. पण ही सलग चालवायची ताकद झाली, चढावर दोन-चार मिनिटं मोटर किती देते ती वेगळी, तिला पीक म्हणतात, आणि खरा फरक तिथे आहे. बॉशची परफॉर्मन्स लाइन सीएक्स, शिमानोची ईपी८०१, ह्या दोन्ही मिड-ड्राइव्ह मोटर, कागदावर २५० आणि पीक ६०० च्या आसपास (बॉशने नंतर वाढवलं, ते पुढे येईल). टीक्यू कंपनीची हलकी मिड-ड्राइव्ह एचपीआर५० कागदावर २५० आणि पीक ३००. म्हणजे दुप्पट फरक आणि स्टिकर एकच.

हब मोटरवाल्या देशी बाईकवर पीक बहुतेक लिहिलेलं नसतं, तिथे मी कंट्रोलर बघतो, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा. कंट्रोलरच्या पाठीवर अँपिअर छापलेले असतात, समजा ३६ व्होल्ट आणि १५ अँपिअर, तर मोटरमध्ये जास्तीत जास्त ५४० वॅट आत जाणार. आत जाणार म्हणतोय, बाहेर येणार नाही. बाहेर किती येतात ते वेगावर आहे, त्याच्याकडे येतो.

न्यूटन मीटर हा आकडा वॅटपेक्षा कामाचा आहे पण त्यात एक गोम आहे आणि दुकानात ती कुणी सांगत नाही. हब मोटरचे ४० न्यूटन मीटर हे चाकावर मोजलेले असतात. मिड-ड्राइव्हचे ८५ हे क्रँकवर मोजलेले असतात आणि पुढे चेन आणि गिअरमधून जातात. पुढे ३४ दातांची चेनरिंग आणि मागे ५१ चा मोठा दाता लावला तर ८५ चे चाकावर सव्वाशेच्या वर होतात. तीच बाईक मागे १२ वर ठेवून चालवलीत तर चाकावर तीसच उरतात, म्हणजे तुमच्या हब मोटरपेक्षा कमी. कित्येक जण मिड-ड्राइव्ह घेतात आणि साध्या सायकलच्या सवयीने मोठ्या गिअरवर चढ काढतात, मग माझ्याकडे येऊन सांगतात ताकद नाहीये. गिअर खाली घ्या, पाय भराभर मारा, तिची ताकद तिथे आहे.

भराभर म्हणजे किती, हे पण बघा कारण ५० आणि ८५ च्या तुलनेत सगळं ह्याच्यावर आहे. ताकद म्हणजे पीळ गुणिले फेऱ्या. मिनिटाला ६० फेऱ्या मारत असाल तर ८५ न्यूटन मीटरचे ५३४ वॅट होतात, ५० चे ३१४. हलक्यात बॉशची परफॉर्मन्स लाइन एसएक्स म्हणून मोटर आहे, ५५ न्यूटन मीटर, पीक तिचंही ६०० लिहिलेलं आहे, दोन किलोचीच आहे, लोक म्हणतात वा, हलकी पण आणि ताकद तेवढीच. पण ६० फेऱ्यांवर तिचे ३४५ वॅट येतात, सहाशेच्या जवळ जायला १०० फेऱ्या मारायला लागतात. ज्याचे पाय शंभरने फिरतात त्याला ती मोठ्या मोटरसारखी वाटेल, ज्याचे साठने फिरतात त्याला नाही. तुम्ही एक करा, आत्ताच्या सायकलवर सिमरोलच्या चढात घड्याळ लावून मिनिटभर पायडलच्या फेऱ्या मोजा. पन्नास-पंचावन्न निघाल्या तर गुडघे का दुखतात तेही कळेल, कारण कमी फेऱ्या म्हणजे दर फेरीला गुडघ्यावर जास्त जोर.

आता वजन. ह्याचा हिशेब लोक बाईकचा करतात, करायला पाहिजे सगळ्यांचा मिळून. तुम्ही ८४, बाईक २४, पाणी, हेल्मेट, पंप, डबा धरून चार, झाले ११२ किलो. दहा टक्के चढ, म्हणजे शंभर मीटरला दहा मीटर वर, मुरमाचा रस्ता आणि ताशी दहा किलोमीटर वेग, तर साधारण ३७० वॅट लागतात. १८ किलोची बाईक असेल तर ३५० लागतील. सहा किलोचा फरक वीस वॅटचा. ह्या वीस वॅटसाठी लोक लाख-दीड लाख जास्त मोजतात आणि चढावर ते मोटरच्या एका मोडच्या फरकात बुडून जातात. मोटर चालू असताना चढावर वजनाला फार किंमत नाही, हे आधी मनात पक्कं करा.

मग वजन कुठे कळतं? जिथे मोटर मदत करत नाही तिथे सगळीकडे. खडकावरून बाईक उचलून न्यायची असते तिथे. उतारावर वळणात ती बाहेर ओढते तिथे. ब्रेकवर, म्हणून भारी बाईकला पुढे २०३ मिलिमीटरची डिस्क असावी आणि ब्रेक हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबाचे असावेत, २५ किलोच्या बाईकवर तारेचे डिस्क ब्रेक आणि पुढे सिमरोलचा घाट हे मला पटत नाही, उतरून आलेल्या बाईकचे पॅड मी रोज बघतो. २५ किलोमीटरच्या वर मोटर बंद होते तिथेही वजन तुमच्या पायांवर असतं, पण खरं सांगायचं तर सपाट डांबरावर एकसारख्या वेगाने सहा किलोचे चार-पाच वॅटच जास्त लागतात, तिथे हवा जास्त खाते. सपाटीवर भारी ई-एमटीबी जड वाटते ती जास्त करून टायरमुळे, जाड आणि चिकट रबराचे असतात, तेजाजी नगरच्या पुढे डांबरावर त्यांचा घूं घूं आवाज येतो ती तुमचीच ताकद जातेय. आणि बॅटरी संपल्यावर, तेव्हा मात्र प्रत्येक किलो मोजून कळतो.

बॅटरी संपण्याचं का बोलतोय, कारण इंदूरची गोष्ट इतर गावांपेक्षा उलटी आहे आणि बाहेरचे रिव्ह्यू बघून हे लक्षात येत नाही. पुण्यात माणूस सकाळी सिंहगड चढतो आणि उतरून घरी येतो. आपण माळव्याच्या पठारावर, सगळे घाट खाली नर्मदेच्या बाजूला. सिमरोल घ्या, मानपूर घ्या, जाम गेट घ्या, जाताना उतार आणि येताना चढ. चोरलला जाऊन यायचं म्हणजे सत्तरच्या आसपास किलोमीटर, आणि मोटरची सगळ्यात जास्त गरज लागते तेव्हा अर्धी बॅटरी गेलेली असते. छत्तीस व्होल्टची बॅटरी भरलेली असते तेव्हा ४२ व्होल्ट दाखवते, संपत येते तेव्हा तीस-बत्तीस. अँपिअर तेच, व्होल्ट कमी, म्हणजे सकाळी तेजाजी नगरला जी मोटर जोरात पळत होती तीच अकरा वाजता घाटात मरगळलेली वाटते. मोटर खराब झाली म्हणून माझ्याकडे आणतात, मी चार्ज करून देतो, परत तीच जोरात.

तुमच्या तिन्हींचा ह्या रस्त्यावरचा हिशेब करू. सपाटीवर मदत घेत गेलं तर किलोमीटरला सहा ते आठ वॅट-अवर जातात. सत्तर किलोमीटरचे झाले चारशेच्या वर, घाटाचे साठ-सत्तर वेगळे. हब मोटरवालीत ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर बॅटरी असेल तर ३६० वॅट-अवर, पुरणार नाही. तिसरीतही ३६०, पुरणार नाही, जाताना मोटर बंद किंवा अगदी खालच्या मोडवर ठेवायला लागेल. दुसरीत ६२५, जरा जपून वापरली तर पुरेल. म्हणजे भारी बाईकचं भारीपण नुसतं ओझं नाही, त्यातली बॅटरी तुमचा परतीचा घाट आहे. हलकीला तुम्ही जाताना पाय मारून ते भरून काढायचं. १८ किलो आणि बारीक टायर असल्यामुळे मोटर बंद ठेवून सिमरोलपर्यंत जाता येतं, हे मी करून बघितलंय, साध्या चांगल्या एमटीबीपेक्षा थोडीच जड वाटते.

आणि हे सहा किलो येतात कुठून हेही बघा, लोकांना वाटतं मोटर हलकी म्हणून बाईक हलकी. टीक्यूची मोटर १.८५ किलो, बॉशची सीएक्स पावणेतीन-तीन किलो, फरक एक किलोचा. ३६० वॅट-अवरची टीक्यू बॅटरी १.८३ किलो, ६२५ ची साडेतीनच्या वर, तिथे पावणेदोन गेले. बाकीचे तीन-साडेतीन किलो फ्रेम, जाड पायांचा फोर्क, मजबूत चाकं, टायर, मोठे ब्रेक. म्हणजे हलकी बाईक सगळीकडूनच हलकी केलेली असते. जानापावच्या सुट्या दगडांवर दणादण उतरायचं असेल तर तिचं रिम आणि टायर भारी बाईकइतका मार सोसणार नाही. तुम्ही उतारावर सांभाळून जाता असं लिहिलंय म्हणून मला ह्याची चिंता कमी.

आता हब मोटर. मी तिच्या विरुद्ध नाही, शहरात, सुपर कॉरिडॉरला, महूपर्यंत, कामावर जायला उत्तम आणि ती आपल्या गावात दुरुस्त होते, ही मोठी गोष्ट आहे. पण घाटात तिचं दुखणं काय आहे ते दाखवतो. हब मोटरला गिअर नसतो, म्हणजे आत असतो पण तो एकच, बदलता येत नाही. चाक हळू तर मोटर हळू. आणि मोटर हळू फिरली की वीज जोरात जाते पण काम कमी होतं, उरलेली उष्णता. दहा किलोमीटरच्या वेगाने चढताना ५४० वॅट आत जातात आणि तीनशेच्या आसपास बाहेर येतात, दोनशेच्या वर वॅट त्या बंद डब्यात तापत राहतात. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना. एका ग्राहकाची मोटर मी उघडली होती, रोज घाटातल्या एका गावात सामान घेऊन जायचा. झाकण काढलं तर जळक्या वार्निशचा वास, तांब्याची तार एका बाजूला काळपट झालेली, आणि आत नायलॉनचे तीन छोटे गिअर असतात त्यातल्या दोघांचे दात मेणासारखे वाकलेले. मोटर बंद पडली नव्हती, फक्त खरखर आवाज करून राहिली होती. तीन गिअर बदलले, ग्रीस भरलं, आणि त्याला सांगितलं चढात वेग आठच्या खाली गेला तर उतरून ढकल, त्यानंतर तीच मोटर अजून चालतेय.

चाकावर ४० न्यूटन मीटर म्हणजे साडेसत्तावीसच्या चाकावर साधारण ११४ न्यूटनचा ढकला. पंधरा टक्क्याच्या चढाला, असे तुकडे तिंछाच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर आहेत, तुमच्या वजनाला १८५ च्या जवळ लागतात. उरलेले सत्तर तुमच्या पायांचे, आठ किलोमीटरच्या वेगाने ते दीडशे वॅटच्या वर जातात. दीडशे वॅट तुम्ही थोडा वेळ सहज द्याल, पण चढ लांबला की गुडघे परत बोलायला लागतील. तिसऱ्या हलक्या बाईकवर तोच चढ त्याच वेगाने काढला तर मोटरचे ३०० आणि तुमचे नव्वदेक, हे तुम्हाला जमेल. दुसरीवर तर मोटर एकटी काढेल, तुम्ही नुसते पाय फिरवायचे. हिशेब ढोबळ आहे, दगड आले की अजून लागतात, पण तिघींमधला फरक असाच राहतो.

हब मोटरची दुसरी गोष्ट, ती बाईकच्या शेवटच्या टोकाला असते. तीन-चार किलो मागच्या चाकात. बेसॉल्टचा दगड आला की सगळ्यात आधी तेच वजन आपटतं, मागे सस्पेन्शन असलं तरी ते त्याच्या खाली आहे. मागच्या चाकाच्या तारा तुटून येतात त्या बहुतेक हबवाल्यांच्याच. आणि पंक्चर. साधं चाक अर्ध्या मिनिटात निघतं. हबचं काढायला आधी वायरचा प्लास्टिक टाय कापा, मग जोड ओढा, ओढताना वायर धरून नाही, जोडावरचे बाण बघून सरळ, मग दोन्ही बाजूंचे नट, बहुतेक १८ नंबरचा पाना, आणि त्याच्या मागे जिभेसारखा वाकलेला वॉशर असतो तो कुठल्या बाजूने कसा होता हे लक्षात ठेवा कारण तो उलटा बसला तर मोटरचा दांडा फ्रेममध्ये गरकन फिरतो आणि वायर पिळून तुटते. हे सगळं पावसात, काळ्या मातीत. बरोबर १८ चा पाना आणि चार टाय नसतील तर हब मोटर घेऊन सिमरोलच्या खाली उतरू नका.

काळ्या मातीचा विषय निघालाच तर, जुलैत वजनाचे सगळे आकडे बदलतात. पहिला पाऊस पडून दोन दिवस झाले की शेताच्या कडेच्या वाटेवर माती टायरला चिकटते, मग फोर्कमध्ये भरते, मग चाक फिरायचं थांबतं. एकदा तशीच बाईक आणून दुकानाच्या काट्यावर ठेवली तर स्वच्छ असताना भरायची त्यापेक्षा जवळजवळ तीन किलो जास्त भरली. तिथे कुठलीच मोटर कामाची नाही, खाली उतरून काडीने माती काढायची आणि वॉक मोडवर ढकलायची. वॉक मोड तिन्ही बाईकमध्ये आहे का हे नक्की विचारा, बटण दाबून धरलं की बाईक ताशी सहा किलोमीटरच्या आत स्वतः चालते, भारी बाईकला ती सोय नसेल तर घेऊच नका असं मी म्हणेन.

सेन्सरचं एका वाक्यात: टॉर्क सेन्सर म्हणजे तुम्ही किती जोर लावताय ते बघून मदत, नुसता कॅडन्स सेन्सर म्हणजे पायडल फिरलं की मोटर चालू. सुट्या मुरमावर कॅडन्स सेन्सरची मोटर अर्धी फेरी उशिरा येते आणि आली की धक्क्याने येते, मागचं चाक सरकतं. तुमची हबवाली कुठली आहे ते लिहिलं नाहीत, बहुतेक कॅडन्सच असेल.

कुणीतरी तुम्हाला ७५० किंवा १००० वॅटचं किट जुन्या एमटीबीवर बसवायचं सुचवलंय. बसतं, मी बसवलेलीही आहेत, आता बसवत नाही. एक तर २५० च्या वर गेलं की ती कायद्याने सायकल राहत नाही, नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं, अपघात झाला तर तुमच्या बाजूने काही उभं राहणार नाही. दुसरं, १००० वॅटवाली क्रँक मोटर एकटी साडेपाच किलोच्या आसपास, ४८ व्होल्टची बॅटरी वेगळी, आणि साधी चेन आणि फ्रीव्हील त्या जोरासाठी केलेले नाहीत. मला एकदा बाहेरगावच्या एका दुकानाने १००० वॅट म्हणून मोटर विकली होती, कंट्रोलर उघडून बघितला तर १५ अँपिअरचा, स्टिकर फक्त वेगळं. तेव्हापासून मी स्टिकर वाचतच नाही.

तुम्ही नवीन डीजेआयच्या मोटरचंही विचारलंय. ड्रोन बनवणारी तीच कंपनी, अ‍ॅव्हिनॉक्स नावाने २०२४ मध्ये मोटर आणली, वजन २.५२ किलो आणि १०५ न्यूटन मीटर, बूस्टवर थोडा वेळ १२० आणि पीक १००० वॅट. त्यांची अ‍ॅमफ्लो बाईक १९-२० किलोत बसते. म्हणजे ताकद पाहिजे तर वजन घ्या, हा जो इतकी वर्षं व्यवहार होता तो तिने मोडला, मग बॉशने २०२५ मध्ये सॉफ्टवेअर अपडेटने सीएक्सच्या नव्या मोटरला १०० न्यूटन मीटर आणि ७५० वॅटपर्यंत नेलं. जर्मनीतल्या सायकल उद्योगाच्या संघटनेने त्याच वर्षी पीक ७५० वर थांबवा अशी सूचना मांडली. हे सगळं मला फार आवडतं आणि मी वाचत असतो, पण तुमच्या कामाला १००० वॅट कशाला. सहाशेही तुम्हाला सगळे वापरता येणार नाहीत, सुट्या दगडांवर मागचं चाक त्याच्या आधीच घसरतं. आणि मिड-ड्राइव्ह कुठलीही घ्या, विकणाऱ्याला एकच विचारा, एरर कोड आला तर कंपनीचं सॉफ्टवेअर लावून तो वाचायची सोय तुमच्याकडे आहे का आणि मोटर बदलून यायला किती दिवस. हे लेखी घ्या. आम्ही चेन, ब्रेक, बेअरिंग सगळं करू, पण बंद मोटर उघडायचा अधिकार आम्हाला नाही.

वजनाच्या आकड्यावर पण विश्वास नको. कंपनी पायडलशिवाय, लहान साइजची, कधी लहान बॅटरी लावून वजन लिहिते. शोरूममध्ये घरचा वजनकाटा घेऊन जा, आधी एकटे उभे राहा, मग बाईक उचलून उभे राहा, वजाबाकी करा. मी माझ्याकडे येणारी प्रत्येक ई-बाईक वजन करतो, कागदापेक्षा एक-दीड किलो जास्त निघणं नेहमीचं आहे.

मग तुम्ही कुठली घ्यावी. हबवाली तुमच्या कामाला नाही, डांबर सोडणार नसतात तर हीच सांगितली असती आणि पैसे वाचले असते. दुसरी आणि तिसरीमध्ये ताकदीच्या हिशेबाने दुसरी, बॅटरीच्या हिशेबाने दुसरी, तुमच्या गुडघ्यांनाही रस्त्यावर दुसरीच सोपी. तरी मी तुम्हाला तिसरी सांगतोय, कारण लिफ्ट नसलेला तिसरा मजला. खाली पार्किंगमध्ये लोखंडी कडी, कुलूप आणि चार्जिंगचा पॉइंट मिळत असेल तर मात्र निर्णय बदला, दुसरी घ्या आणि मागे बघू नका. त्यात एक फायदा असा की दुसरीची बॅटरी किल्लीने निघते, साडेतीन किलोची बॅटरी हातात घेऊन वर जायचं, बाईक खालीच. तिसरीत बॅटरी फ्रेमच्या आत बंद असते, काहींत काढायला स्क्रू खोलावे लागतात, काहींत मोटरच उतरवावी लागते, म्हणजे ती रोज वरच न्यायची असं धरून चला. टीक्यूला १६० वॅट-अवरची बाटलीसारखी जादा बॅटरी मिळते, ती पुढच्या वर्षी घ्या, आधी तीन-चार रविवार जाताना मोटर बंद ठेवून बघा, कदाचित लागणारही नाही.

पार्किंगचं जमतंय की नाही ते ठरेपर्यंत एक करून बघा. किराण्याच्या दुकानातून गव्हाचा २५ किलोचा कट्टा आणा आणि तो खांद्यावर घेऊन तीन मजले चढा, मग त्यातले सहा-सात किलो काढून परत चढा. पण रविवारी चोरलहून आल्यावर, दुपारी, बूट न काढता. सकाळी ताज्या पायांनी चढलात तर दोन्ही जमेल.